वीतभर कड

खंडेनवमीचा झेंडू अजून चाकाला लटकतोय,
वाळून तपकिरी.
तीस वर्षं हाच हार मी लेथला घातला
वागळे इस्टेटच्या शेडमध्ये,
नारळाचं पाणी गिअरबॉक्सवर शिंपडून.
शेडच्या जागी आता काचेची इमारत आहे.
माझ्यापुढे वैजयंतीचं शिलाई मशीन.

तिला स्कार्फ हवाय.
पहाटे पावणेसहाला स्कूटीवर निघते,
घोडबंदर रोडच्या टॉवरांतून रक्ताचे नमुने गोळा करायला.
तेव्हा येऊरकडून वारा येतो, कानात शिरणारा.
अकराला परतते तेव्हा ऑक्टोबर भाजत असतो
आणि खोदलेल्या रस्त्याची धूळ दातांत कचकचते.
एकाच कापडानं दोन्ही निभवायचं.
"विकतचे सुळसुळीत असतात मेले," म्हणाली,
"सिग्नलला येईस्तोवर गळ्यात."

जांभळी नाक्यावर दोन मीटर कॉटन घेतलं,
चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या रंगाचं.
मोजताना दुकानदारानं कापड जरा ताणलं.
मी पाहिलं, बोललो नाही.
घरी भरलं तीन सेंटिमीटर कमी.
केसाच्या जाडीवरून माल परत पाठवणारा मी,
तीन सेंटिमीटर गिळले.

मला वाटलेलं, काय त्यात, चार सरळ रेघा.
पण कापड चकमध्ये आवळता येत नाही.
खडूची रेघ पंख्याच्या वाऱ्यानं सरकली,
कात्री निम्म्यात जाऊन वाकडी झाली.
समोरच्या करंबेळकर वहिनी दारातूनच ओरडल्या,
"अहो फाडा! कडेला चीर द्या नि फाडा!"
फाडलं.
टर्रकन आवाज, अंगावर काटा,
आणि रेघ निघाली अगदी सुतात.
लोखंडात सरळपणा बाहेरून घालावा लागतो.
इथे तो आधीच विणलेला होता,
मीच मध्ये कात्री घालत होतो.

मग कड. एकदा दुमड, पुन्हा दुमड,
नखानं दाबत चाल.
पहिल्या हातभर शिवणीखाली दोऱ्याचा उंदीर झाला.
उसवलं. स्क्रू पाव फेरा सैल केला
(स्क्रूची भाषा मला येते)
आणि मशीन बोलायला लागलं,
लेथसारखं नाही, हलक्या आवाजात,
झोपलेल्या माणसाला सांभाळून बोलावं तसं.
तीन बाजू झाल्या. चौथीची वीतभर उरली
आणि बॉबीन संपली.
आत तिचा गजर वाजला.

"असाच दे," म्हणाली.
डोक्यावरून घेतला, नाकावरून नेला,
मागे एक गाठ, पुढे एक खोच.
उरले फक्त डोळे.
मी उघडी कड आत खोचायला गेलो,
तोवर स्कूटी कोपऱ्यावर.

दुपारी आली. स्कार्फला स्पिरिटचा वास.
हात धुता धुता सांगत होती:
एकोणिसाव्या मजल्यावर एक आजोबा,
दंडाला बांधायचा पट्टा नेमका तुटला,
शीर काही सापडेना,
मग हाच काढला आणि आवळला.
"एकदाच टोचलं. आजोबा म्हणाले,
पट्टा टोचतो बाई, हे बरं आहे."
येताना त्यातच सीताफळं बांधून आणलेली,
दोन पिकलेली, एक दगड.

"शिवण उसवली का कुठे?" मी विचारलं.
"बघ की तूच."
पाहिलं. दंडावरच्या गाठीच्या सुरकुत्या,
एका कोपऱ्याला सीताफळाचा डाग,
टाके जागच्या जागी.
उघड्या कडेचे मात्र चार धागे सुटलेले.

नवी बॉबीन भरून वळलो
तर ती पंख्याखाली आडवी,
स्कार्फ डोळ्यांवर ओढून,
श्वासाबरोबर कापड जरासं वरखाली.
सुई वर करून ठेवली. मशीनवर झाकण घातलं.
राहू दे आज.